चाळीस रुपयांच्या सेलपायी ४९,९९० रुपये गेले

आकडा आधीच सांगतो. एकूण ४९,९९० रुपये. त्यातले ४,९९९ 'तीन वर्षांच्या संरक्षणाचे' आणि ४४,९९१ 'चुकून जास्त आले ते परत करा' म्हणून दिलेले. दोन्ही वेळा पैसे आमच्याच माणसाने, स्वतःचा पिन टाकून पाठवले. मी नांदेडला संगणक दुरुस्तीचं काम करतो आणि गंडा बसला माझ्या सख्ख्या भावाला, परभणीत. जगात जर्मनी, भारतात परभणी. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

पण दादाला अडाणी समजू नका. मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात आडत आहे, हिशेबाचं टॅली स्वतः चालवतो, जीएसटीचं रिटर्न स्वतः भरतो, ओटीपी कुणाला सांगत नाही. या प्रकरणातही त्याने एकसुद्धा ओटीपी सांगितलेला नाही, कारण कुणी मागितलाच नाही. आणि मला का नाही विचारलं, असं म्हणाल तर विचारलं होतं. मी म्हणालो, संध्याकाळी बघतो. घरच्यांच्या कामाला संध्याकाळच मिळते, या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

मूळ बिघाड काय होता? अँटिव्हायरसवर लाल फुली, अपडेट होत नाही, वर ब्राउझरसुद्धा निम्मी पानं उघडत नाही. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की पहिल्यांदा उजव्या कोपऱ्यातली तारीख बघायची. दादाच्या पीसीवर २०१५ चा जानेवारी चालू होता. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो, वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. वायर भिंतीत आणि बटण चालू असेपर्यंत एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, ५ व्होल्टचा स्टँडबाय मिळत राहतो, त्यामुळे सेल मेलेला कळतच नाही. आपल्याकडे भारनियमन, त्यात रात्री बोर्डावरचं बटण बंद करायची सवय. मग सकाळी घड्याळ मागे. अपडेटच्या सर्व्हरच्या ओळखीचं प्रमाणपत्र २०१५ च्या हिशेबाने अजून जन्मलेलंच नसतं, म्हणून जोडणी नाकारली जाते. अँटिव्हायरसला यापलीकडे काहीही झालेलं नसतं.

'विंडोज वेळ आपोआप जुळवतं ना?' जुळवतं, पण घरच्या पीसीवर त्या सेवेची ठरलेली मर्यादा १५ तासांची असते. त्याहून मोठा फरक ती आपणहून दुरुस्त करत नाही. तारीख हाताने टाकायची. पीसी बंद करून वायर काढायची, पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरायचं, बाजूचा पत्रा उघडायचा, क्लिप पेचकसाने दाबली की सेल वर येतो. अधिक चिन्हाची सपाट बाजू वर ठेवून नवा बसवायचा. मीटर असेल तर जुना मोजा. नव्या सेलला ३ व्होल्ट किंवा थोडे जास्त येतात, २.८ च्या खाली गेला असेल तर टाकून द्या. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन तारीख-वेळ भरायची आणि एफ१० दाबून जतन करायचं. खर्च चाळीस रुपये.

दादाने मोबाइलवर अँटिव्हायरसच्या नावापुढे 'हेल्पलाइन नंबर' असं शोधलं. सगळ्यात वर जे आलं त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' होतं. जाहिरात पैसे भरून कुणालाही वर आणता येते, चोरालाही. कंपनीचा खरा नंबर खोक्यावर छापलेला असतो किंवा सॉफ्टवेअर उघडून त्याच्या मदतीच्या पानावर मिळतो. शोधातून मिळालेला नंबर लावायचा नाही, मग तो बँकेचा असो की गॅस एजन्सीचा.

समोरचा हिंदीत बोलत होता. अत्यंत अदबीने. त्याने पहिलं काम काय सांगितलं? तारीख नीट करा. आणि हे त्याने उपकार म्हणून केलं नाही. चुकीच्या तारखेवर एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याचा पीसी दुरून चालवायचं सॉफ्टवेअर, उतरवायचं पानच उघडत नव्हतं, तेव्हा त्याला ते करून घ्यावंच लागलं. दादाने तारीख बदलली. अँटिव्हायरसने अपडेट ओढायला सुरुवात केली, फुली गेली, हिरवी खूण आली.

इथे. इथेच फोन ठेवायचा होता. बिघाड संपला होता, फुकटात संपला होता, आणि एनीडेस्क अजून उतरलेलंही नव्हतं. दादा म्हणालासुद्धा, "आलं की हिरवं. आता कामून काय टाकायचं?" तो म्हणाला, हे वरवरचं आहे सर, खरी घाण आत आहे, दाखवतो. हे वाक्य मला आजही झोपताना ऐकू येतं, आणि मी तर त्या फोनवर नव्हतोच. ज्याच्यासाठी फोन केला ते झालं असूनही समोरचा आणखी काही दाखवायचं म्हणतोय, म्हणजे खेळ आत्ता सुरू होतोय. अर्थात हे आता कळतं. लाल फुलीने दिवसभर वैतागलेल्या माणसाला हिरवी खूण आणून देणाऱ्यावर विश्वास बसणारच, त्यात मूर्खपणा कसला?

पुढचा तमाशा तुम्हाला माहीत असेल, तरी बारकावे सांगतो. दादाने एनीडेस्क उतरवून त्याचा नंबर सांगितला, परवानगी दिली, पडदा त्याच्या ताब्यात. मग त्या माणसाने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून 'सिस्टिम'ची यादी दाखवली. लाल खुणा, पिवळे त्रिकोण, शेकडो. या खुणा दुकानातून आजच आणलेल्या पीसीवरही असतात. त्यातली १००१६ क्रमांकाची डिस्ट्रिब्यूटेडकॉमची नोंद तर दुर्लक्ष करावी अशीच आहे, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलंय. त्यानंतर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून नेटस्टॅट, म्हणजे चालू जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा, चालवली आणि परदेशी पत्त्यांच्या ओळींवर बोट ठेवून म्हणाला, हे हॅकर. त्या ओळी म्हणजे तुमचाच ब्राउझर, तुमचंच अपडेट, आणि बहुतेक वेळा त्याचं स्वतःचं एनीडेस्क.

दादाने मधेच विचारलं, तुम्ही कंपनीचेच कशावरून? याचं उत्तर तयार होतं. त्याच काळ्या खिडकीत 'असोक' (assoc) नावाची आज्ञा चालवली, तळाशी ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक आला. त्याने तो आधी फोनवर वाचून दाखवला आणि मग म्हणाला, तुमच्या पडद्यावर जुळतो का बघा, हा फक्त तुमच्या मशीनचा आयडी आहे, कंपनीशिवाय कुणाकडे नसतो. जुळला. जुळणारच. तो क्रमांक माझ्या पीसीवर, तुमच्या पीसीवर, तहसीलच्या पीसीवर सगळीकडे तोच आहे. आत्ता विंडोजवर असाल तर चालवून बघा.

४,९९९ रुपये क्यूआर कोडवर गेले. पैसे कुणा बाईच्या नावावर चालले होते. पिन टाकण्याआधी यूपीआय नाव दाखवतं, ते वाचा. 'अकाउंट्सच्या मॅडम आहेत' या उत्तरावर पैसे सोडू नका. कंपनी पैसे घेते ते कंपनीच्या नावाने, पावती देते ती जीएसटी क्रमांकासकट.

बदल्यात त्याने काय केलं? आधीच्या अँटिव्हायरसवर दुसऱ्या कुठल्यातरी अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती चढवली. बाहेरचा अँटिव्हायरस आला की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर आपणहून बाजूला होतो, पण दोन बाहेरचे एकमेकांसाठी बाजूला होत नाहीत. प्रत्येक फाइल दोघेही तपासतात. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली आणि टॅली उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. म्हणजे नसलेला बिघाड पैसे देऊन विकत घेतला.

काही दिवसांनी दुसरा फोन. कंपनी ती योजना बंद करतेय, तुमचे ४,९९९ परत करतो, नेट बँकिंग उघडा. दादाने उघडलं. पडदा काळा झाला. एनीडेस्कमध्ये ती सोय आहेच, तिकडचा माणूस इकडचा पडदा झाकू शकतो. पडदा परत आला तेव्हा खात्यात ४९,९९० जमा दिसत होते. शेवटी एक शून्य जास्त. तिकडे माणूस रडकुंडीला आलेला, साहेब माझी नोकरी जाईल, जास्तीचे परत करा. ब्राउझरमधल्या पानावर उजवी टिचकी मारून 'इन्स्पेक्ट' उघडलं की पडद्यावरचा कुठलाही आकडा बदलता येतो. बँकेच्या खात्यात काडीचाही फरक पडत नाही. एफ५ दाबलं असतं तर खरा आकडा लगेच परत आला असता, म्हणूनच तो वारंवार बजावत होता, पान रिफ्रेश करू नका, व्यवहार अडकेल. बँकेचा एसएमएस आलेला नव्हता. तर म्हणे सर्व्हर मागे आहे. जमा झालेल्याचा पुरावा त्याच पडद्यावर कधी बघू नका. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये बघा, मिस्ड कॉल देऊन शिल्लक विचारा.

मोंढ्यात कुणाचे जास्तीचे पैसे आले तर त्याच दिवशी परत करायची रीत आहे. दादाने ४४,९९१ परत केले. प्रामाणिकपणाचे पैसे गेले, लोभाचे नाही, एवढं तरी लक्षात घ्या.

आता कार्यालयांबद्दल. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली गेली, पोच क्रमांक आला. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार भरता येते. फोन लावण्याआधी व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी कागदावर लिहून ठेवा, शोधण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आमचेही सरकले. जे गोठले ते ३,२१०.

बँकेच्या शाखेत ऐकायला मिळालं, पिन तुम्हीच टाकला ना, मग आम्ही काय करणार. कायद्याच्या अंगाने त्यांचं पूर्ण खोटं नाही, म्हणून जास्त चीड येते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं. त्यात ग्राहकाच्या निष्काळजीपणाचं नुकसान कळवेपर्यंत ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे कळवल्याची वेळ हाच तुमचा एकमेव आधार. आणि नेमकी तीच शाखेने द्यायला नकार दिला! अर्ज ठेवून जा, पोच मिळत नाही, साहेब रजेवर आहेत. शेवटी तीच तक्रार ईमेलने पाठवली, तिच्यावर वेळ आपोआप पडते. तुम्ही ईमेल आधी करा, शाखेत नंतर जा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही.

पोलीस ठाण्यात तर कहर. पहिलं वाक्य, "हे आपल्याकडं येत नाही, सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, हद्दीच्या ठाण्याचा अर्ज आणा. परत ठाण्यात, तर अंमलदार आकडा वाचून म्हणतात, "पन्नास हजारसुद्धा नाहीत की हो." दहा रुपये कमी पडले साहेब, आधी सांगितलं असतं तर तेवढे भरून चोराला आणखी दिले असते. आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास पोलीस निरीक्षक किंवा वरचा अधिकारीच करतो, आणि निरीक्षक कायम बंदोबस्तावर. पण तक्रार नोंदवायला ती अडचण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती घ्यावी लागते असं स्पष्ट आहे. हे कलम कागदावर लिहून न्या, तोंडी सांगून उपयोग नाही. नाहीच घेतलं तर तोच मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, त्याच कलमात तरतूद आहे. आम्ही ते केल्यावर ठाण्याचा आवाज बदलला. कलमं कोणती म्हणाल तर आयटी कायद्याचं ६६डी आणि भारतीय न्याय संहितेचं ३१८.

पीसी साफ करताना नुसतं एनीडेस्क काढून थांबू नका. आधी नेटची वायर काढा, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. एनीडेस्कमध्ये कुणी नसताना आत यायचा पासवर्ड ठेवता येतो, आमच्या पीसीवर तो ठेवलेला होता. अनोळखी वापरकर्ता खातं, टास्क शेड्यूलरमधली नवी कामं, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स बघा. आणि विंडोज सिक्युरिटीच्या व्हायरस संरक्षणाच्या सेटिंगमध्ये अगदी खाली 'एक्सक्लूजन्स' असतं ते हमखास उघडा. तिथे टाकलेलं फोल्डर डिफेंडर तपासतच नाही, आणि फसवणारे स्वतःचं फोल्डर तिथेच टाकून जातात. बहुतेक दुरुस्तीवालेसुद्धा हे बघत नाहीत. दुसरा अँटिव्हायरस त्याच्या कंपनीच्या काढण्याच्या साधनानेच काढा, नाहीतर अवशेष राहून पहिल्याचं अपडेट पुन्हा अडकतं. शेवटी डिफेंडरची ऑफलाइन तपासणी लावा, पीसी आपणहून बंद-चालू होतो, साधारण पंधरा मिनिटं लागतात.

ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स'चीही यादी असते. कोपऱ्यात येणारे 'तुमच्या पीसीत ५ व्हायरस' असे फलक बहुतेकदा तिथूनच येतात, कुठल्यातरी साइटला कधीतरी 'अलाउ' म्हटलेलं असतं. ती साइट काढा, फलक थांबतात. पूर्ण पडदा अडवून नंबर दाखवणारं पान आलं तर एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

आता दादाला तिसऱ्या प्रकारचे फोन येताहेत. 'तुमचे ४९,९९० अडकलेत, सोडवून देतो, फाइलची फी २,५०० भरा.' आकडा बरोबर सांगतात. आकडा बरोबर असण्याचं नवल नाही, तो त्यांच्यातल्याच कुणीतरी विकलेल्या यादीतला असणार. पैसे परत आणून देतो म्हणून आगाऊ फी मागणारा फोन १९३० चा नसतो, बँकेचा नसतो, पोलिसांचाही नसतो. असे नंबरही त्याच तक्रारीच्या पोच क्रमांकाखाली जोडून टाका.