उंबराची काडी, अंजिराचा भाव

एकूण १,६२० रुपये गेले. अंजिराच्या म्हणून लावायला मागवलेल्या तीन काड्यांचे १,५०० आणि कुरिअरचे १२०. आकडा ऐकून घरात सगळे हसले, तेव्हा तुम्हीही हसून घ्या आणि मग पुढचं वाचा. पैसे जायला दोन मिनिटं लागली, फसवणूक मात्र आठ महिने चालली होती.

फेब्रुवारीत फोनवर एक व्हिडिओ आला. कुंडीत कमरेएवढं झाड, त्याला काळीजांभळी टपोरी अंजिरं. एक हात येतो, फळ तोडतो, बोटांनी उकलतो, आत लालभडक गर. खाली नंबर. आपल्याकडे बाजारात येणारं पुना अंजीर मला आवडतंच, पण गच्चीवर ‘ब्लॅक मिशन’ ही काळ्या अंजिराची परदेशी जात म्हटल्यावर डोकं फिरलं. विक्रेता बोलायला अतिशय गोड. थेट इटलीहून आलेला माल आहे म्हणाला. “मॅडम, पानं नसलेलीच काडी घ्यायची, पानवाली वाटेत सुकते.” “मॅडम, आधी फुटवा येतो, मुळं नंतर येतात, घाई करू नका.” “पहिली पानं साधीच असतात मॅडम, हाताच्या पंजासारखी पुढे होतात.”

गंमत म्हणजे ही तिन्ही वाक्यं खरी आहेत. खोटी फक्त काडी होती.

पार्सल आलं तेव्हा मी खूश. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन काड्या, वरच्या टोकाला लाल मेण, प्रत्येकीवर चिठ्ठी. नखाने जरा खरवडलं तर पांढरा चीक आला. अंजिराला चीक असतो एवढं ठाऊक होतं, त्यामुळे खातरी पटली. चीक वडालाही असतो, पिंपळालाही आणि उंबरालाही. सगळं एकच कुळ. फांदीवर पानाच्या जागी गोल वळी उमटते, तीही सगळ्यांना. थोडक्यात, पान नसलेल्या काडीवरून माझ्यासारखीला काही म्हणजे काही कळत नाही. आणि इटलीहून आलेली काडी इतकी ताजी कशी, वर्तमानपत्र परवाचं आणि हिंदी कसं, हे प्रश्न मला त्या दिवशी पडले नाहीत.

सोबतच्या कागदावर बारीक अक्षरांत होतं: तक्रार सात दिवसांत. आता हिशेब करा. काडी फुटायला दोन-तीन आठवडे. पानाचा खरा आकार कळायला आणखी महिना-दीड महिना. सात दिवसांत तक्रार करायची तर काय करायची, काडी अजून काडीच आहे म्हणून? झाडं लावणाऱ्या माणसाला वाट बघायची सवय असते आणि विक्रेत्याचा सगळा धंदा त्या सवयीवर उभा होता.

मार्चमध्ये दोन काड्या फुटल्या, तिसरी कुजली. पानं आली ती लांबट, गुळगुळीत, कडा सरळ. मी फोटो पाठवला. “पहिली पानं आहेत मॅडम.” एप्रिलमध्ये पाठवला. “कुंडी बदला मॅडम.” बदलली. पावसाळ्यात पानांवर फोड आले, हिरवे, गोल, मटारच्या दाण्याएवढे. तो लगेच म्हणाला, तांबेरा आहे, आमच्याकडे स्पेशल औषध आहे, ३५० रुपये. तेही घेतलं. (वरच्या १,६२० मध्ये हे धरलेले नाहीत. घरी अजून सांगितलेलं नाही.) तांबेरा अंजिरावर येतो हे खरं, पण तो पानाच्या खालच्या बाजूला गंजासारखी भुकटी धरतो, बोट फिरवलं तर बोटाला लागते. फोड येत नाहीत. फोड उंबराच्या पानावर येतात, ते एका बारीक किड्याचं काम असतं. शाळेच्या रस्त्यावरच्या उंबराखाली अशी फोडाळलेली पानं मी लहानपणी पायाखाली तुडवली आहेत. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही, कारण मला अंजीर बघायचं होतं.

ऑक्टोबरमध्ये सासवडला एका लग्नाला गेलो. दिवे घाट चढून वर आल्यावर रस्त्याच्या एका बाजूला अंजिराची बाग होती, छाटणी चालू. पुरंदरचं अंजीर म्हणजे २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं. दिवे, सोनोरी ही सगळी त्याचीच गावं. मीठा बहार धरायचा असला की साधारण याच दिवसांत छाटणी करतात आणि फळं उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. मी गाडी थांबवायला लावली, बांधावरच्या दादांना फोनमधला फोटो दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“ताई, हे अंजीर न्हाय. उंबर हाय.”

मी म्हटलं, परदेशी जात आहे हो. त्यांनी काही न बोलता झाडाचं एक पान तोडलं आणि माझ्या अंगठ्यावर वरच्या बाजूने घासलं. सुताराच्या पॉलिश पेपरसारखं खरखरीत. मग शेंड्याचं अगदी कोवळं पान दिलं, तेही तसंच, जरा मऊ एवढंच. “आकार बघू नका. आकार फसवतो. हात लावून बघा.” माझ्या गच्चीवरची पानं सात महिने मी रोज ओल्या फडक्याने पुसत होते. हात लावला होता, पण तो धूळ काढायला.

त्यांनी विचारलं, केवढ्याला पडली? सांगितलं. त्यांनी बांधाकडे बोट दाखवलं. छाटलेल्या काड्यांचा ढीग पडला होता, छातीएवढा. “न्या किती न्यायच्या त्या. आमी जाळतो.”

सात आणल्या. पेन्सिलीपेक्षा जाड, वीत-सव्वा वीत लांब, चार-पाच डोळ्यांच्या (डोळा म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा), पक्क्या लाकडाच्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घेतला, चीक पुसून अर्धा दिवस सुकू दिला. (हातमोजे घाला, माझ्या मनगटाला दोन दिवस खाज होती.) वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अर्धं-अर्धं, दोन-तीन डोळे आत, बाकीचे बाहेर, सावलीत. पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास वापरले, म्हणजे मुळं उकरून बघायचा मोह होत नाही. काडीतल्या साठ्यावर पानं आधी फुटतात, त्यामुळे पान दिसलं म्हणून उन्हात नेऊ नका आणि पाणी वाढवू नका. मी एका ग्लासात वाढवलं, ती काडी काळी पडून गेली. आणखी एक नुसतीच वाळली. पाच लागल्या. दोन महिन्यांनी ग्लासाच्या भिंतीला पांढरी मुळं चिकटलेली दिसली, तेव्हा कुंडीत हलवल्या.

त्या विक्रेत्याला मी पानाचा आणि ढिगाचा असे दोन्ही फोटो पाठवले. निळ्या टिका आल्या, मग त्याचा फोटो गायब, मग नंबरच बंद. पोलिसात गेले नाही. उंबर दिला म्हणून तक्रार लिहून द्यायची लाज वाटली, खरं सांगते. ते चुकलं. यूपीआयने पैसे गेले असतील तर लाज बाजूला ठेवून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करायचा असतो, आठ महिन्यांनी नव्हे. आणि परदेशी काडी म्हणून कोणी काही विकत असेल तर पहिला प्रश्न कागदांचा विचारा. बाहेरच्या देशातून लागवडीची काडी आणायची तर आयात परवाना लागतो, त्या देशाचं रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशात तसं आहे. मी नंतर आणखी दोघा विक्रेत्यांना मुद्दाम विचारून पाहिलं. एकाने अंगठ्याची इमोजी पाठवली. दुसऱ्याने ब्लॉक केलं.

माझ्यापुरता नियम आता एवढाच: पान लागलेलं रोप, समोर उभं राहून, हात लावून. काडी घ्यायचीच तर ज्या झाडाची आहे ते झाड बघून. आणि कुंडीत फळासकट झाड विकायला ठेवलेलं दिसलं तर बुंधा हलकेच हलवून बघा. ताजी फांदी नुसती मातीत खोचली असेल तर ती लगेच डुलते.

राहिले दोन उंबर. मी उपटायला घेतले तर सासूबाई मध्ये आल्या. “औदुंबर आहे तो. दत्ताचं झाड कचऱ्यात टाकणार?” झालं. आता इमारतीच्या गच्चीवर उंबर वाढवणं म्हणजे भिंतीत मूळ घुसवायला आमंत्रण, सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा येऊन बघितलं. एक भोरकडे मामांच्या शेतात ओढ्याच्या काठी लावून आलो, तिथे तो मजेत आहे. दुसऱ्याला सासूबाई सोडायला तयार नाहीत. दर गुरुवारी त्याच्यापुढे उदबत्ती असते. सकाळी झारी भरतात, आधी उंबराला घालतात आणि उरलेलं माझ्या पाच अंजिरांना.