मैदानाकाठच्या धंद्याला कर्ज: स्वनिधी की बचत गट?

मुंबईतल्या मैदानांच्या कडेला वडापावची गाडी आणि बॅट दुरुस्त करणारा कारागीर एकाच फुटपाथवर बसतात. भांडवल दोघांनाही हवे असते. तरी एकाला मानवणारे कर्ज दुसऱ्याला अडचणीत आणू शकते, कारण दोघांच्या हाती पैसा येण्याची रीत निराळी आहे.

जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पथविक्रेत्याला आता पहिले कर्ज १५,००० रुपयांपर्यंत, ते फेडल्यावर २५,००० आणि पुढे ५०,००० रुपयांपर्यंत मिळते. तारण लागत नाही आणि हप्ते वेळेवर भरले तर वर्षाला ७ टक्के दराने व्याज अनुदान खात्यात जमा होते. पहिले कर्ज मात्र १२ महिन्यांत फेडायचे, म्हणजे पूर्ण रक्कम घेतल्यास नुसत्या मुद्दलाचे दरमहा १,२५० रुपये. गाडीवाल्याला हे झेपते. सकाळी बटाटे, पाव आणि तेल आणले की संध्याकाळी गल्ला मोजता येतो आणि रोज ५० रुपये बाजूला टाकले तर हप्ता सुटतो.

बॅटवाल्याचे तसे नाही. हँडलवरचा सैल दोरा उलगडून, गोंद लावून नवा दोरा ताणून गुंडाळायचा, तो वाळू द्यायचा, मग ग्रिप चढवायची. आणि पैसे मिळतात ते गिऱ्हाईक बॅट न्यायला आल्यावर. पावसाळ्यात मैदान चिखलात गेले की कामही आटते. बचत गटाचे कर्ज बहुतेकदा शेकडा महिना दोन रुपयांनी, म्हणजे वर्षाला २४ टक्क्यांनी पडते. ते महाग खरेच, पण अंतर्गत कर्जाचे, म्हणजे सभासदांच्याच बचतीतून दिलेल्या कर्जाचे, व्याज गटाच्याच गंगाजळीत राहते आणि पावसाळ्यातला हप्ता पुढे ढकलण्याची विनंती बैठकीत समोरासमोर करता येते. म्हणून त्याला मी गटच सुचवेन. अट एकच: गटाची सभासद बहुधा त्याची पत्नी असते, कर्जही तिच्याच नावावर चढते, तेव्हा निर्णयही तिचाच असावा.

गाडीवाल्याने स्वनिधीकडे जावे, यात मला शंका नाही. त्यासाठी विक्री प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा शिफारस पत्र लागते. कर्ज मिळाले म्हणजे जागा मिळाली, असा समज मात्र घातक आहे. जागेचा हक्क २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालच्या सर्वेक्षणातून आणि प्रमाणपत्रातून येतो. ज्याचे नाव सर्वेक्षणात नाही, त्याने नवी शेगडी घेण्याआधी पालिकेच्या नगर पथविक्रेता समितीकडे अर्ज करून त्याची पोच जपून ठेवावी.