आठ महिने रूटिंग पावडर: फांद्या जगल्या, डबीने छळलं

काल रूटिंग पावडरची, म्हणजे तोडलेल्या फांदीला मुळं फुटावीत म्हणून लावतात तिची, डबी उघडली तर आत पावडर नाही, खडू. ५० ग्रॅम, १८० रुपये, फेब्रुवारीत घेतलेली. निम्मीसुद्धा संपली नव्हती. विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, ओलावा ग्राहकाच्या हाताळणीमुळे आत गेला. गेला असेल, पण झाकणाखाली एक साधं बूच द्यायला काय जातं? डोंबिवलीच्या पावसाळ्यात आमच्याकडे मिठालाही पाणी सुटतं.

दुसरी खुन्नस लेबलवर. आयबीए, म्हणजे मुळं फुटवणारं संप्रेरक, किती टक्के, ते कुठेच नाही. कोवळ्या फांदीला साधारण ०.१, अर्धवट जून झालेलीला ०.३, पक्क्या लाकडाला ०.८ टक्के असा हिशेब असतो. यांनी 'सर्व झाडांसाठी' छापलं आणि मोकळे झाले.

तरी मार्चमध्ये मी हिच्या प्रेमात होतो. बोगनवेलीच्या १२ फांद्या लावल्या, ६ पावडर लावून, ६ नुसत्या. पावडरवाल्या ४ लागल्या, नुसत्यांतली १. सोसायटीत भेटेल त्याला सांगत सुटलो. मग जूनमध्ये गावठी लाल जास्वंदीच्या १० फांद्या, तशाच निम्म्या निम्म्या. दहाच्या दहा लागल्या! आई म्हणाली, "अरे, जास्वंद मोरीच्या कडेला खोचली तरी जगते, तिला कसली पावडर लावतोस?" तिथे माझा एक स्टार कमी झाला.

चाफ्याच्या दोन फांद्या बुंध्यातून कुजल्या तेव्हा पावडरला यथेच्छ शिव्या घातल्या. त्या परत घेतो. तोडल्याच दिवशी लावल्या होत्या, चीकही वाळू दिला नव्हता, वर रोज पाणी. पुढची फांदी १० दिवस कपाटावर आडवी ठेवली, मग वाळू जास्त घातलेल्या मातीत लावली, पानं धरेपर्यंत पाणी अगदी बेताने. पावडर न लावता लागली.

बोगनवेलीच्या त्या चारांतल्या दोन मात्र मीच घालवल्या. पानं फुटली म्हणून लगेच कुंडी बदलायला घेतली, तर खाली मुळांचा पत्ता नाही. फांदी स्वतःतल्या साठ्यावरही पानं काढते, हे तेव्हा कळलं. आता फांदी लावलेल्या ग्लासच्या तळाच्या भोकातून मुळी डोकावेपर्यंत हात लावत नाही. बोगनवेलीची मुळं काचेसारखी तुटतात, म्हणून प्लास्टिकचा ग्लास कात्रीने उभा कापून मातीचा गोळा आहे तसाच चार इंची कुंडीत ठेवतो. त्याहून मोठी कुंडी दिली तर माती ओलीच राहते.

तेव्हा पावडर घ्यावी का? बोगनवेलीसाठी घ्या, गावठी जास्वंदीसाठी पैसे घालवू नका. ओली फांदी डबीत बुडवू नका. चिमूटभर पावडर कागदावर काढा, फांदी त्यात टेकवून झटका, उरलेली टाकून द्या. आईला ही उधळपट्टी वाटते, मलाही वाटायची, म्हणून तर मी फांद्या थेट डबीत बुडवत राहिलो. विक्रेत्याला हे कळवणार नाहीये.

खडू झालेली पावडर काल कुटून चहाच्या जुन्या गाळणीने चाळली, बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी डबीत टाकली. तीच लावून बोगनवेलीच्या सहा फांद्या पुन्हा खोचल्यात. तीन लागल्या तर १८० रुपये वसूल धरतो. बुचाचं भांडण वेगळं.