दहा दिवसांचा मोडी वर्ग : एक अनुभव

आमच्या घरी पणजोबांच्या काळचे एक खरेदीखत पत्र्याच्या ट्रंकेत पडून होते आणि ते मोडी या मराठीच्या जुन्या लिपीत असल्यामुळे नंतरच्या कोणालाच वाचता आले नव्हते. हिशेबाच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माझा लिपीशी कधी संबंध आला नव्हता. तरीही पन्नाशी उलटल्यावर काहीतरी अगदी अनोळखी शिकावे, म्हणून पुण्यातील एका संस्थेच्या संध्याकाळच्या मोडी वर्गात नाव घातले.

पहिल्याच दिवशी शिक्षकांनी फक्त आडव्या रेघा ओढायला लावल्या. देवनागरीत आपण शब्द लिहून झाल्यावर शिरोरेषा देतो. मोडीत मात्र रेघ आधी आखतात आणि हात शक्य तितका न उचलता अक्षरे तिच्याखाली एकमेकांत गुंफत नेतात. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, वेलांटी बहुधा दुसरी आणि उकार बहुधा पहिला. शाळेत ह्रस्व-दीर्घापायी कायम गुण गमावलेल्या मला, मराठीचा एवढा मोठा कारभार या भेदावाचून शतकानुशतके चालला, हे कळल्यावर शुद्धलेखनाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

सातव्या दिवशी पेशवेकालीन पत्राची प्रत समोर आली. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे आकडा आणि मग जिल्काद किंवा रमजान असा हिजरी, म्हणजे मुस्लिम चांद्र कालगणनेतला, महिना. पेशव्यांचे कारकून रोजच्या पत्रांवर अशी तारीख घालत, हे मी पुस्तकात वाचले असते तर विसरलो असतो. ते अक्षर अक्षर लावून स्वतः वाचल्यामुळे मनात पक्के बसले.

उणिवाही सांगायला हव्यात. झेरॉक्स प्रती इतक्या पुसट होत्या की अक्षर कोणते आणि डाग कोणता हे कळेना. वर्गात गर्दी असल्याने प्रत्येकाची वही तपासली जात नसे, आणि बोरूने लिहून पाहण्याची संधी शेवटपर्यंत मिळाली नाही. दहा दिवसांत कागद सरसर वाचता येतील, या अपेक्षेने कोणी जाऊ नये; रोज तासभर सराव करण्याची तयारी असेल त्याने मात्र अवश्य जावे.

खरेदीखताच्या चार ओळी आता लागल्या आहेत. चतुःसीमेत, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंच्या हद्दी सांगताना, ‘पूर्वेस ओढा’ असे लिहिले आहे. आमच्या शेताजवळ ओढा होता, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.