ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये १८० शीट्सचा संच : सात महिन्यांच्या वापरानंतर

एका पंपगृहाच्या कंट्रोल पॅनेलांचा १८० शीट्सचा (ड्रॉइंगच्या पानांचा) संच आम्ही गेले सात महिने ऑटोकॅड इलेक्ट्रिकल या विद्युत ड्रॉइंग्जसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये सांभाळत आहोत. साध्या ऑटोकॅडची सवय असलेल्यांना एक गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो. येथेही प्रत्येक शीट स्वतंत्र डीडब्ल्यूजी फाइलच असते, परंतु संचात काय आहे आणि कोणत्या क्रमाने आहे, हे फोल्डर नव्हे तर डब्ल्यूडीपी ही प्रोजेक्ट फाइल ठरवते. ड्रॉइंग नुसते फोल्डरमध्ये आणून ठेवले आणि यादीत जोडले नाही, तर क्रॉस-रेफरन्समध्ये (एकच भाग कोणकोणत्या शीटवर आहे याच्या नोंदींत) किंवा रिपोर्टमध्ये ते धरलेच जात नाही.

रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) कॉइल एका शीटवर आणि तिचे कॉन्टॅक्ट आणखी चार शीट्सवर असले, तरी कॉइलचा टॅग (ओळखनाव) बदलताच उरलेली ड्रॉइंग्जही लगेच बदलायची का, असे सॉफ्टवेअर विचारते. हा बदल टास्क म्हणून नंतरसाठीही ठेवता येतो. मात्र ती टास्क आठवणीने चालवावी लागते, आणि विसरणारे आमच्या विभागात एकाहून अधिक आहेत. साइटवरून लाल पेनाने खुणा केलेली प्रत आली, की सर्फर या शोधसाधनात टॅग निवडून त्याच्या प्रत्येक ठिकाणी थेट जाता येते. पूर्वी यात अर्धा दिवस जात असे.

आमची मोठी चूक वायर नंबरांत झाली. शीट क्रमांकावरून नंबर पडतील अशी रचना आम्ही ठेवली होती. तिसऱ्या महिन्यात स्टँडबाय पंप वाढला, मध्ये दोन शीट्स घातल्या, पुढचे शीट क्रमांक सरकवले आणि संपूर्ण प्रोजेक्टवर रीटॅग (नंबर नव्याने टाकण्याची आज्ञा) चालवले. सॉफ्टवेअरने सांगितले तेच केले. पण तोवर दोन पॅनेलांत जुन्या नंबरांचे फेरूल (वायरीवर चढवायच्या नंबर छापलेल्या नळ्या) चढले होते आणि ते सर्व उतरवून पुन्हा छापावे लागले. आता ड्रॉइंग वायरिंगला देण्यापूर्वी नंबर ‘फिक्स्ड’ करतो, म्हणजे रीटॅग त्यांना हात लावत नाही. नव्या कामात पॉवर १०० पासून, कंट्रोल २०० पासून आणि पीएलसी (प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर) ३०० पासून, असे मध्ये मोकळे क्रमांक सोडून शीट्स लावल्या आहेत.

टायटल ब्लॉकची (शीटवरील माहितीच्या चौकटीची) जुळणी एकदा नीट करून ठेवल्यास रिव्हिजन (आवृत्ती) सर्व शीट्सवर एकदमच बदलते. पंधरा-वीस शीट्सच्या स्टार्टर पॅनेलसाठी मात्र आम्ही अजून साधे ऑटोकॅडच वापरतो.