प्रोग्रॅमिंग ऑलिम्पियाडचा क्लास लावायचाय? नाशिकच्या एका सरांच्या बॅचचा सविस्तर रिव्ह्यू

हा रिव्ह्यू कुठल्या मोठ्या ब्रँडच्या कोडिंग क्लासचा नाहीये. गंगापूर रोडला आतल्या बाजूला एक सर आहेत, दिवसा ज्युनिअर कॉलेजला कम्प्युटर सायन्स शिकवतात आणि संध्याकाळी शाळेतल्या मुलांची स्पर्धांची तयारी करून घेतात. नाव टाकत नाही, कारण बॅच छोटी आहे आणि ती छोटीच ठेवायचीये असं सरांनी सांगितलंय. तिकडच्या शाळांमध्ये कम्प्युटरच्या टीचरना विचारलंत की लगेच कळेल. माझी मुलगी नववीत, सेमी इंग्लिशला, मागच्या जूनपासून जाते. बऱ्याच पालकांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली गोष्ट, हा "कोडिंग शिका आणि ॲप बनवा" वाला क्लास नाही. इथे तयारी होते ती मुख्यतः इंडियन कम्प्युटिंग ऑलिम्पियाडची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ही स्पर्धा आयएआरसीएस ही संस्था घेते, पहिल्या पायरीवर दोन परीक्षा असतात, झेडआयओ आणि झेडसीओ. झेडसीओमध्ये प्रोग्रॅम लिहायचा असतो, झेडआयओला मात्र कुठलीही कम्प्युटरची भाषा यायची गरज नाही, विचार करून आकड्यात उत्तर काढायचं, आणि एकाच प्रश्नाचे तीन भाग असतात, पुढचा भाग मागच्यापेक्षा जड. त्यातून पुढे आयएनओआय ही देशपातळीवरची परीक्षा, मग साधारण तीसेक मुलांचा ट्रेनिंग कॅम्प, आणि शेवटी चार मुलं भारताकडून आयओआयला, म्हणजे इंटरनॅशनल ऑलिम्पियाडला. आयओआय १९८९ साली बल्गेरियात सुरू झाली, आपण २००२ पासून टीम पाठवतो. तिथे दोन दिवस पेपर, रोज पाच तास आणि तीन प्रश्न, प्रत्येक प्रश्न १०० मार्कांचा. हे सगळं सरांनी पहिल्याच मीटिंगमध्ये फळ्यावर काढून दाखवलं आणि वर हेही सांगितलं की अख्ख्या देशातून चार जातात, त्यामुळे मेडल हवं म्हणून मुलाला इथे घालू नका. मला ते फार आवडलं. याआधी आम्ही दुसऱ्या एका क्लासच्या डेमोला गेलो होतो, तिथे पहिल्या दहा मिनिटांत ट्रॉफ्यांचे फोटो आणि "तुमची मुलगी सहा महिन्यांत नॅशनल लेव्हलला" असं सुरू झालं, तेव्हाच आम्ही उठून आलो.

आता शिकवणं कसं ते सांगते, कारण खरा फरक तिथेच आहे.

सर सुरुवातीला कम्प्युटरला हातच लावू देत नाहीत. वही आणि पेन. प्रश्न वाचायचा, तो आपल्या शब्दांत मराठीत सांगायचा, मग दिलेलं उदाहरण हाताने सोडवायचं, मग स्वतः एक छोटं उदाहरण बनवायचं आणि तेही हाताने सोडवायचं, आणि हे सगळं झाल्यावर कीबोर्ड. माझ्या मुलीची यावर पहिल्या महिन्यात प्रचंड चिडचिड झाली, तिच्या मैत्रिणी दुसऱ्या क्लासमध्ये गेम बनवत होत्या आणि ही घरी वहीत चौकोन काढत बसलेली.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. सर प्रश्न स्वतः बनवतात आणि ते इथलेच असतात. लासलगावच्या मार्केटमध्ये रोज किती क्विंटल कांदा आला त्याची यादी दिली आहे, एक लाख दिवसांची, आणि कोणीतरी एक लाख वेळा विचारतंय की अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत एकूण आवक किती. मुलं काय करतात, प्रत्येक वेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बेरीज करत सुटतात. उत्तर बरोबरच येतं. मग सर विचारतात, बेरजा किती झाल्या मोजा. वाईटात वाईट केसला एक लाख गुणिले एक लाख, म्हणजे हजार कोटी. आणि आपला कम्प्युटर सेकंदाला साधारण दहा कोटी साध्या गोष्टी करतो असं धरलं तर शंभर सेकंद लागतील, स्पर्धेत मिळतो एक सेकंद. इथे मुलं गप्प होतात आणि सर पण गप्प बसतात. उत्तर सांगत नाहीत. त्या दिवशी कोणालाच आलं नाही तर घरी जा, विचार करा, गुरुवारी बोलू. माझ्या मुलीला ते दुसऱ्या दिवशी जेवताना सुचलं, की आधीच पहिल्या दिवसापासूनची चढती बेरीज लिहून ठेवायची, मग कुठल्याही प्रश्नाला फक्त एक वजाबाकी. त्या आनंदात तिने आजीला ताटावरून उठवून समजावलं, आणि आजीला समजलं सुद्धा! याला प्रीफिक्स सम म्हणतात हे नाव सरांनी नंतर सांगितलं, आधी नाही. आमच्याकडे बाकी सगळ्या विषयांना उलटं चालतं, आधी नाव, व्याख्या, मग दहा उदाहरणं त्याच साच्यातली. म्हणून मला या पद्धतीचं इतकं अप्रूप वाटतं.

तोच कांद्याचा प्रश्न पुढच्या आठवड्यात परत आला, या वेळी क्विंटल नाही तर रुपये, आणि सगळ्यांची उत्तरं अचानक मायनसमध्ये यायला लागली. सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पूर्ण आकडे ठेवायचा साधा प्रकार, इंट, २१४७४८३६४७ च्या पुढे जात नाही, म्हणजे २१४ कोटींच्या आसपास, त्यापुढे आकडा गेला की उत्तराचं काही खरं नाही, तिथे लाँग लाँग हा मोठे आकडे मावणारा प्रकार वापरायचा. हे कुठल्याही नोट्समध्ये एका ओळीत मिळतं, पण कांद्याची उलाढाल मायनसमध्ये गेलेली बघितल्यावर मुलं आता आकडे आधी तपासतात, विसरत नाहीत.

रविवारी तीन तासांची मॉक कॉन्टेस्ट असते, मंगळवार-गुरुवार साडेसहा ते साडेआठ लेक्चर. कॉन्टेस्टमध्ये सर पार्शल मार्कांवर खूप भर देतात. पूर्ण प्रश्न नाही सुटला तर छोट्या आकड्यांसाठी चालेल असा साधा प्रोग्रॅम लिहा, तेवढे मार्क पदरात पाडून घ्या, मग पुढचा विचार. हुशार मुलं बऱ्याचदा इथेच मार खातात, एकाच प्रश्नाला चिकटून बसतात आणि बाकीचे दोन वाचतच नाहीत. आणि कॉन्टेस्ट संपली म्हणजे संपली नाही, जे सुटलं नाही ते त्या आठवड्यात सोडवून आणायचंच, त्याला अपसॉल्व्हिंग म्हणतात. सर म्हणतात मार्क रविवारी पडतात पण शिकणं सोमवारपासून होतं. तिच्या वहीत दर सोमवारी लाल पेनाने लिहिलेलं असतं की का अडलं, प्रश्न नीट वाचला नाही की आयडिया चुकली की आयडिया बरोबर होती पण कोडमध्ये घोटाळा झाला. ही वही सर खरंच वाचतात, बाजूला शेरे असतात.

सरावाला बाहेरचे महागडे कोर्स घ्यायला लावत नाहीत हा अजून एक मोठा मुद्दा. आयएआरसीएसच्या साइटवरचे जुने पेपर, फिनलंडवाल्यांचा सीएसईएस हा प्रश्नसंच, कोडफोर्सेस ही ऑनलाइन स्पर्धांची साइट, सगळं फुकट. फक्त कोडफोर्सेसचे राउंड बरेचदा आपल्याकडच्या रात्री आठ पाचला सुरू होतात आणि दोन-सव्वादोन तास चालतात, त्यामुळे त्या दिवशी घरातलं जेवण पुढे-मागे होतं, त्याची तयारी ठेवा. स्पर्धेतल्या कामगिरीवरून रेटिंग मिळतं आणि त्याचे रंग असतात तिथे, ग्रे, मग १२०० ला ग्रीन, १४०० ला निळसर, आणि मुलं त्या रंगांसाठी वेडी होतात. सरांनी क्लासमध्ये रेटिंगबद्दल बोलायला बंदी केली आहे. मला हे सुरुवातीला जरा जास्तच कडक वाटलं, पण एका मुलाचं रेटिंग एका रात्रीत घसरलं आणि तो दोन आठवडे यायचाच बंद झाला, सर स्वतः त्याच्या घरी जाऊन बसले, तेव्हापासून मला ती बंदी पटली.

एआयचं काय, हे बऱ्याच जणांनी विचारलं. मुलं चॅटजीपीटीवरून उत्तर उतरवून आणतात हे सरांना अर्थात माहीत आहे. ते ओरडत नाहीत, कोड आणला की फळ्यापाशी बोलावतात आणि एकेक ओळ समजावून सांग म्हणतात, मग प्रश्नात एक छोटासा बदल करतात आणि आता काय बदलशील विचारतात. ज्याने स्वतः केलंय तो अडखळत का होईना सांगतो. ज्याने उतरवलंय त्याला पाच मिनिटांत सगळं लक्षात येतं, आणि बाकीची बॅच पण शांत बसते, कोणी हसत नाही, हे वातावरण सरांनी बनवलंय आणि त्याचं क्रेडिट त्यांना द्यायलाच पाहिजे.

भाषेबद्दल खास लिहायचंय. स्पर्धेचे प्रश्न इंग्लिशमध्ये येतात आणि लांबलचक असतात, मराठी आणि सेमीची मुलं गणितात तयार असूनही पहिल्याच परिच्छेदात घाबरतात. इथे पूर्ण चर्चा मराठीत होते, शंका मराठीत, आणि रोज एक इंग्लिश प्रश्न सगळ्यांनी मिळून फोडायचा, कुठली अट महत्त्वाची, कुठला भाग नुसती गोष्ट आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतली दोन मुलं आहेत बॅचमध्ये, त्यांच्याकडून सर फी घेत नाहीत (हे सरांनी सांगितलं नाही, पालकांकडून कळलं), आणि त्यातला एक आज बॅचमध्ये सगळ्यात पुढे आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना सर आधी बेब्रास चॅलेंज ही कोड्यांची स्पर्धा देतात, भारतात ते सीएसपाठशाला चालवते, फुकट आहे आणि मराठीतूनही देता येतं. घरात लहान मुलं असतील तर क्लास नाही लावला तरी एवढं नक्की करून बघा.

आता कमी काय आहे.

रोबोटिक्ससाठी इथे जाऊ नका. शनिवारी एक बॅच असते पण ती नावापुरती, चार मुलांत एक आर्डुइनो किट (छोटा इलेक्ट्रॉनिक्स बोर्ड), सेन्सरच्या वायरी सैल, लाइन फॉलोअर म्हणजे रेघेवरून चालणारा रोबोट खिडकीतल्या उन्हात भरकटतो आणि दुरुस्त करण्यातच वेळ जातो. ज्यांना वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड किंवा फर्स्ट लेगो लीग करायचीये त्यांना वेगळी टीम, वेगळं टेबल, भरपूर सराव लागतो, लेगो लीगमध्ये रोबोटला अडीच मिनिटं मिळतात आणि त्यासाठी महिनोन्महिने घासावं लागतं. तुमच्या शाळेत सरकारी योजनेतली अटल टिंकरिंग लॅब असेल तर ती वापरा, सरांना हे मी तोंडावर सांगितलंय आणि त्यांनाही मान्य आहे.

दुसरं म्हणजे पालकांशी संपर्क. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त सुट्टीचे मेसेज, प्रगती काय ते विचारल्याशिवाय कळत नाही. दोन महिन्यांतून एकदा पंधरा मिनिटं जरी प्रत्येक पालकाशी बोलले तरी खूप फरक पडेल. जागा पहिल्या मजल्यावर, लहान, उन्हाळ्यात उकडतं, इन्व्हर्टर आहे पण पंखे त्यावर नाहीत. आणि मुली कमी आहेत, बॅचमध्ये तिघीच. सर प्रयत्न करतात, एक कॉलेजची ताई रविवारी येऊन मुलींच्या शंका घेते, ती याच क्लासची जुनी विद्यार्थिनी. पण आपण पालकच मुलींना संध्याकाळी साडेआठला संपणाऱ्या क्लासला पाठवायला नाखूश असतो, तर वेळ थोडी अलीकडे आणायलाच हवी असं माझं ठाम मत आहे.

फी महिन्याला अडीच हजार, तीन महिन्यांची एकदम. इंजिनिअरिंगच्या फाउंडेशन क्लासपेक्षा बरीच कमी. लॅपटॉप स्वतःचा असला तर बरं, नसला तर क्लासमध्ये जुने डेस्कटॉप आहेत, स्लो आहेत पण सी प्लस प्लसला पुरतात. पायथनवर सर अडून बसत नाहीत, पण वेळेच्या मर्यादेत पायथन मागे पडतं आणि आयओआयला तर सी प्लस प्लसच लागते, म्हणून ती शिकावीच लागते. दहावीच्या वर्षात नवीन सुरू करू नका, सर घेतच नाहीत. आठवी-नववी सगळ्यात बरोबर वेळ.

निकालाचं विचाराल तर माझी मुलगी या वेळी झेडआयओमधून पुढे गेली नाही. निकाल आला त्या संध्याकाळी ती रडली, आणि गुरुवारी वही घेऊन क्लासला गेली, तोच पेपर परत सोडवायला, कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत गणिताच्या मॅडमनी मला बोलावून विचारलं की हिच्यात काय बदल झालाय, उत्तर आलं तरी थांबत नाही, अजून सोप्या पद्धतीने येईल का विचारते. माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा रोबोटिक्स आणि पालकांच्या संपर्कासाठी कापला. नवीन बॅच जूनमध्ये, जागा मेच्या मध्यापर्यंत भरतात. आधी एक रविवार ट्रायलला बसू देतात, त्याचे पैसे नाहीत. वही आणि पेन घेऊन पाठवा, आणि तुम्ही आत बसू नका, बाहेर चहाची टपरी चांगली आहे.