सिनेमासाठी टीव्ही घेताय? ४केच्या आधी हर्ट्झ बघा

नव्या मोठ्या टीव्हीवर सिनेमा लावला की तो रोजच्या मालिकेसारखा दिसतो, अशी तक्रार घरोघरी असते. दोष दिला जातो एचडीला नाहीतर ४केला. रूप बदलतं ते मुख्यतः फ्रेमच्या वेगामुळे. बोलपट आले तेव्हा, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं, हे प्रमाण ठरलं आणि आजही बहुतेक सिनेमे त्याच वेगाने चित्रित होतात. टीव्ही मात्र सेकंदाला ५०, ६० किंवा १२० वेळा चित्र ताजं करतो; हाच हर्ट्झचा आकडा. त्यात हे २४ कसे बसवायचे, याची प्रत्येक टीव्हीची रीत वेगळी. पैसे कुठे घालायचे हे त्यावरून ठरवावं.

६० हर्ट्झ की १२०?

६०ला २४ने निःशेष भाग जात नाही. म्हणून ६० हर्ट्झचा पॅनेल एक फ्रेम दोनदा दाखवतो, पुढची तीनदा, मग पुन्हा दोनदा. एक फ्रेम ३३ मिलिसेकंद टिकते, तिच्या शेजारची ५०. माणसं बसून बोलत असतील तर हे कळतही नाही. कॅमेरा डोंगररांगेवरून संथ फिरू लागला किंवा शेवटची श्रेयनामावली वर सरकू लागली, की चाल लंगडी दिसते. १२० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाचदा येते, त्यामुळे ताल सम राहतो. काही ६० हर्ट्झ टीव्ही २४चा सिग्नल ओळखून पॅनेल ४८वर चालवतात आणि हा प्रश्न स्वस्तात सोडवतात, पण खोक्यावर ते क्वचितच लिहिलेलं असतं.

डीटीएचचं गणित निराळं. आपलं प्रसारण ५० हर्ट्झचं. त्यासाठी २४चा सिनेमा बहुधा २५च्या वेगाने पळवतात. अडीच तासांचा सिनेमा जाहिराती सोडल्या तर १४४ मिनिटांत संपतो, आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर गाणी किंचित चढ्या पट्टीत ऐकू येतात. पण प्रत्येक फ्रेम नेमकी दोनदा बसते, म्हणून साध्या टीव्हीवरही लंगडणं नाही. फक्त सेट-टॉप बॉक्सचं आउटपुट ५० हर्ट्झवरच ठेवा. कुणी ते ६०वर केलं असेल, तर ५०चे ६० करताना नवे हिसके तयार होतात आणि दोष टीव्हीच्या माथी बसतो.

ओटीटी पाहायला स्टिक वापरत असाल तर ती बहुधा सगळंच ६० हर्ट्झने पाठवते. फायर टीव्ही स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ असतं. अ‍ॅपल टीव्हीत ‘मॅच कंटेंट’मध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ मिळेल. ते चालू करा. त्यानंतर सिनेमा सुरू होताना पडदा क्षणभर काळा होईल. तो बिघाड नव्हे, एचडीएमआयचा वेग बदलतोय. सगळी अ‍ॅप ही सूचना पाळत नाहीत, हे मात्र गृहीत धरा.

जाहिरातीतल्या आकड्यांपासून जपून राहा. ‘मोशन रेट २४०’ हा पॅनेलचा वेग नव्हे. माहितीपत्रकात ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’ शोधा. ‘१२० हर्ट्झ डीएलजी’ लिहिलेलं असेल तर तो वेग दोन-दोन आडव्या ओळी एकदम चालवून, म्हणजे उभं रिझोल्यूशन निम्मं करून मिळवलेला असतो. सिनेमासाठी त्याला खरं १२० समजू नये.

स्मूदिंग चालू की बंद?

मालिकेचं रूप येतं ते इथून. स्मूदिंगमध्ये दोन खऱ्या फ्रेमच्या मधल्या फ्रेम टीव्ही स्वतः अंदाजाने बनवतो. एलजीवर याचं नाव ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर पिक्चर क्लॅरिटी, इतर अनेक टीव्हींवर एमईएमसी. स्टुडिओतल्या व्हिडिओ मालिका वर्षानुवर्षं सेकंदाला ५० अर्धचित्रांनी टिपल्या गेल्या. म्हणून तसली सलग हालचाल दिसली की डोळा तिला मालिका किंवा थेट प्रक्षेपण समजतो, आणि मग मेकअप, सेट, दिवे सगळंच उघडं पडल्यासारखं वाटतं.

यात एक विसंगतीही आहे. सिनेमाच्या कॅमेऱ्यात शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारी फिरती झडप, ३६०पैकी साधारण १८० अंश उघडी असते, म्हणजे प्रत्येक फ्रेम १/४८ सेकंद प्रकाश घेते आणि हलत्या हाताला तेवढाच धूसरपणा येतो. टीव्ही फ्रेम वाढवतो, पण टिपलेला धूसरपणा तसाच राहतो. हालचाल ६० किंवा १२०ची, पुसटपणा २४चा. चित्र चिकणं आणि खोटं दिसण्यामागे हे मोठं कारण आहे.

अंदाज चुकतो तिथे चुका दिसतात. धावणाऱ्याच्या डोक्याभोवती पाण्यासारखी कड थरथरते, जाळीमागून जाणारा माणूस विरघळतो, पंख्याची पाती तुटतात. मारामारीत प्रोसेसर हार मानतो, तेव्हा गुळगुळीत चाललेलं दृश्य अचानक २४वर आदळतं. हे सर्वांत त्रासदायक.

सिनेमासाठी बंद, क्रिकेटसाठी हवं तर चालू, असं आमचं मत. दर वेळी मेन्यूत शिरायचा कंटाळा असेल तर ‘फिल्ममेकर मोड’ असलेला टीव्ही घ्या. टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या यूएचडी अलायन्स या संघटनेने २०१९मध्ये तो जाहीर केला. त्यात स्मूदिंग आणि जास्तीचा शार्पनेस बंद होतो, रंगही प्रमाणाजवळ येतात. दिवाणखान्यात भरदिवसा तो अंधारा वाटेल. तेव्हा ब्राइटनेस वाढवा, मोड बदलू नका.

ओएलईडी, म्हणजे ज्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो असा टीव्ही, घेतलात तर वरच्या नियमाला थोडी मुरड घालावी लागते. त्याचा पिक्सेल मिलिसेकंदाच्या आत बदलतो, त्यामुळे प्रत्येक फ्रेम करकरीत उमटते आणि पुढच्या फ्रेमवर उडी दिसते. एलईडी टीव्हीचा एलसीडी पॅनेल सावकाश बदलतो, फ्रेमच्या कडा एकमेकींत मिसळतात आणि तेच २४ जरा मऊ भासतात. पडदा जितका उजळ आणि मोठा, तितकी ही उडी अधिक जाणवते. ही उडी म्हणजेच जडर. ती कमी करणारी ‘डी-जडर’ किंवा ‘जडर रिडक्शन’ची पट्टी ० ते १०मध्ये २-३वर ठेवा, त्याहून पुढे मालिका सुरू होते. काळी फ्रेम मध्ये घालण्याची सोयही काही टीव्हींत असते. तिने हालचाल स्पष्ट होते, पण उजेड बराच घटतो आणि अनेकांना लुकलुक सहन होत नाही.

फुल एचडी की ४के?

हे अंतरावर सोडा. साधारण नजरेला ४३ इंचांवर पावणेदोन मीटरपलीकडून आणि ५५ इंचांवर सुमारे सव्वादोन मीटरपलीकडून फुल एचडीचे पिक्सेल वेगळे दिसत नाहीत. पलंग भिंतीला टेकलेला आणि टीव्ही समोरच्या भिंतीवर असेल, तर ४केचा फायदा मुख्यतः एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवण्याची सोय) आणि चांगल्या प्रोसेसरमुळे मिळतो, पिक्सेलमुळे कमी. फिल्मवर काढलेल्या जुन्या सिनेमात रवाळपणा दिसला तर तो फिल्मचाच आहे. ‘नॉइज रिडक्शन’ चढवून तो घालवाल तर चेहरे मेणाचे होतील.

मुळातच जास्त वेगाने टिपलेले सिनेमे ही वेगळी गोष्ट, कारण तिथे अंदाज नसतो. पीटर जॅक्सन यांनी ‘द हॉबिट’ ४८ फ्रेमने आणि २७० अंशांच्या शटरने, म्हणजे १/६४ सेकंदाच्या प्रकाशाने चित्रित केला. २०१२मध्ये तो थिएटरात लागला तेव्हा सेट सेटसारखे दिसतात ही तक्रार तरीही झालीच. घरगुती डिस्क मात्र २४चीच निघाली. ‘जेमिनाय मॅन’ १२०ने टिपला होता, त्याची ४के डिस्क ६०ची आहे. असे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून टीव्ही निवडण्यात अर्थ नाही.

दुकानात पडदे ‘व्हिव्हिड’वर आणि स्मूदिंग चालू ठेवून लावलेले असतात. रिमोट मागून घ्या, सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा, मोशनचं सेटिंग पूर्ण बंद करा. पेनड्राइव्हवर २४ फ्रेमची, सरकती श्रेयनामावली असलेली क्लिप न्या. नावं एकसारखी थरथरत सरकली तर तो २४चाच गुण, टीव्ही नीट आहे. मधूनमधून अडखळली तर पॅनेल दोन-तीनच्या हिशोबाने चाललाय. त्यानंतर तीच क्लिप स्मूदिंग चालू करून पाहा आणि अक्षरांच्या कडा तुटतात का ते तपासा. घरी स्टिकच वापरणार असाल तर शक्य असल्यास ती सोबत न्या आणि एचडीएमआयमधूनही हीच तपासणी करा, कारण पेनड्राइव्हवर सम चालणारा टीव्ही ६०च्या सिग्नलवर लंगडू शकतो.